तिसरं मॅगझिन

"तेल घालायचं नाही," हेमलता म्हणाली. "एक थेंबसुद्धा नाही. ऐकलंत ना?"

होमगार्डचा खाकी गणवेश घालून, टोपी काखेत धरून ती दारात उभी होती. शनिवार होता. तिला कुठल्याशा सभेच्या बंदोबस्ताला जायचं होतं. मी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून बसलो होतो आणि माझ्यासमोर तिच्या पिस्तुलाची पाच मॅगझिनं मांडली होती. प्रत्येकावर तिनं नेलपेंटचे ठिपके दिले होते. एक, दोन, तीन, चार, पाच.

"ऐकलं," मी म्हणालो.

"काय ऐकलं? सांगा."

"साबणाच्या कोमट पाण्यात नळी धुवायची. पूर्ण वाळवायची. सुक्या कापडानं पुसायचं. वरच्या रबराला तेवढं सिलिकॉन, तेही बोटाला लावून. तेल नाही."

"आणि?"

"जमिनीवर पडलेल्या गोळ्या उचलून परत भरायच्या नाहीत."

"तिसऱ्याकडे नीट बघा. परवा चौथ्या-पाचव्या गोळीला अडत होतं." ती बुटाची नाडी बांधायला वाकली. "तुमच्यावर सोडून चाललेय. उद्या निवड आहे."

"अगं, बावीस वर्षं टूलरूममध्ये फिटर आहे मी. प्रेसच्या स्प्रिंगा बसवतो. हे तर खेळण्यातलं..."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली आणि निघाली.

खेळण्यातलंच होतं ते, पण दिसायला आणि वजनाला खऱ्या पिस्तुलासारखं. मॅगझिनच्या खालच्या भागात गॅस भरायचा. वर एक अरुंद नळी, तिच्यात ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या. गोळ्यांच्या खाली एक दट्ट्या आणि दट्ट्याच्या खाली लांब बारीक स्प्रिंग. स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, दट्ट्या गोळ्यांना ढकलतो, एक गोळी वर तोंडाशी येते. चाप ओढला की गॅस सुटतो आणि गोळी जाते. नाशिकला पेठ रोडच्या एका रिकाम्या गोदामात या खेळाचा क्लब होता. बजर वाजला की समोरच्या लोखंडी प्लेटा पाडायच्या. ज्याला कमी सेकंद लागले तो पुढे.

हेमलता तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. होमगार्डमध्ये वर्षातून एकदा सरावाला पाच गोळ्या मिळायच्या आणि तिच्या पाचही गोळ्या एका बशीत मावतील अशा लागायच्या. ते कुणीतरी सुभेदार वाघचौऱ्यांना सांगितलं. ते लष्करातून निवृत्त होऊन हा क्लब चालवायचे. त्यांनी तिला बोलावून घेतलं. दोन वर्षांत ती इथपर्यंत आली होती. बंगळूरच्या राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्या राज्याच्या महिला संघात चार जागा होत्या. तिघींचं जवळजवळ नक्की होतं. चौथी जागा हेमलताला मिळणार की दिंडोरीच्या सुप्रिया गांगुर्डेला, एवढंच रविवारी ठरायचं होतं. सुप्रिया बावीस वर्षांची होती.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या मिरवणुकीला दोर धरून उभी राहिले," हेमलता मला एकदा म्हणाली होती. "एकदा कुठल्यातरी यादीत माझं नाव यावं." याबद्दल यापेक्षा जास्त ती बोलली नव्हती.

तिला जाऊन आता चौदा महिने झाले. मी सांगतोय ते त्याच्या नऊ वर्षं आधीचं आहे.

चार मॅगझिनं मी तिनं सांगितली तशीच साफ केली. मग तिसऱ्याचा तळ उघडला. स्प्रिंग सांभाळून काढली, नाहीतर ती उडून पलंगाखाली जाते. नळीतून गोदामाची धूळ निघाली, प्लॅस्टिकचा बारीक कीस निघाला. धुतली. गॅलरीत उन्हात ठेवली. तासाभरानं कापडाचा बोळा आरपार ओढला, तो कोरडा निघाला. सगळं परत बसवलं. अंगठ्यानं दट्ट्या खाली दाबला आणि सोडला. वर आला, पण खरखरत आला. पुन्हा केलं. पुन्हा खरखर.

खरं म्हणजे एवढी खरखर चालते. नंतर वाघचौऱ्यांनीच मला सांगितलं. पण टूलरूममध्ये माणसाला एक सवय लागते. घासल्याचा आवाज आला की हात तेलाच्या कॅनकडे जातो. विचार करावा लागत नाही. मी उठलो, कपाटावरची कॅन घेतली आणि नळीत दोन थेंब सोडले. दट्ट्या लोण्यासारखा वर आला. दहा गोळ्या भरल्या, एकेक करून अंगठ्यानं बाहेर सरकवल्या. एकही अडली नाही. तोंडाशी आलेलं तेल पुसलं आणि कॅन जागेवर ठेवली.

संध्याकाळी ती आली ती दमून. बूट काढायच्या आधी विचारलं, "झालं?"

"झालं. तिसरं बघ."

"हात घाण आहेत माझे. तुम्हीच दाखवा."

मी दट्ट्या दाबून सोडला. आवाज न होता वर आला.

"अगबाई," ती हसली. "काय केलंत?"

"साफ केलं. नीट."

"फिटरशी लग्न केल्याचा एवढा तरी फायदा," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

रविवारी गोदामात साठ-सत्तर माणसं होती. पुण्याहून सातारकर नावाचे मुख्य पंच आले होते. बारीक अंगाचे, गळ्यात टायमर लटकवलेला, कमी बोलायचे. चार फेऱ्या होत्या. वाघचौऱ्यांनी मला लांबूनच हाक मारली, "खैरनार! तुमच्या प्लेटा एकदा बघून घ्या हो."

प्लेटा माझ्याच होत्या. क्लबच्या सगळ्या प्लेटा मी कंपनीतल्या भंगाराच्या पत्र्यातून कापल्या होत्या, त्यांच्या बिजागऱ्या घरी वेल्ड केल्या होत्या. मी एकेक बोटानं ढकलून पाहिली. सगळ्या पडत होत्या. चौथ्या फेरीतली सगळ्यात टोकाची प्लेट किंचित जड वाटली, पण पडत होती.

पहिल्या तीन फेऱ्या हेमलतानं जशा मारल्या, तशा मी तिला मारताना कधी पाहिलं नव्हतं. घाई नाही, धावपळ नाही. बाजारात भाजी निवडते तशी एकेक प्लेट निवडत होती आणि ती पडत होती. रिकामं मॅगझिन सोडायचं, ते खाली धुळीत पडायचं, तोवर दुसरं चढलेलं असायचं. फेरी संपून पंचांनी खूण केली की मी आत जाऊन पडलेली मॅगझिनं उचलायचो, फुंकर मारून पुसायचो, नव्या गोळ्या भरून तिच्या हातात द्यायचो. तिसरंही दोनदा धुळीत पडलं. मी तेही पुसलं, वरून.

तीन फेऱ्यांनंतर ती सुप्रियाच्या दोन सेकंद पुढे होती.

सुप्रियानं चौथी फेरी आधी मारली. तिची झाली, वेळ फळ्यावर लागली. हेमलताला आता चौदा सेकंदांच्या आत यायचं होतं. एवढं आलं की जागा तिची.

"पाणी देऊ?" मी विचारलं.

"नको. तुम्ही जरा लांब उभे राहा. तुमचा श्वास ऐकू येतोय मला."

मी लांब उभा राहिलो.

बजर वाजला. डावीकडच्या सहा प्लेटा पडल्या. मॅगझिन बदललं. मला ठिपके दिसले, तीन. उजवीकडच्या पाच पडल्या. फक्त टोकाची राहिली. नऊ सेकंद झाले असतील. तिनं नेम धरला आणि मारलं. फट आवाज झाला, पिस्तूल हातात उडालं, प्लेट उभी. पुन्हा मारलं. उभी. पुन्हा. पुन्हा. पाचव्यांदा मारूनही ती उभीच होती तेव्हा हेमलतानं मॅगझिन सोडलं, शेवटचं चढवलं आणि दोन गोळ्या मारल्या. दुसऱ्या गोळीला प्लेट पडली.

सोळा सेकंद आणि वर काही.

ती पिस्तूल खाली धरून उभी राहिली. पंचांनी खूण केली. मी आत गेलो आणि तिसरं मॅगझिन उचललं.

या पिस्तुलाचं एक असतं. गोळी वर आली नाही तरी गॅस सुटतो. आवाज तोच, धक्का तोच. मारणाऱ्याला वाटतं गोळी गेली. मी अंगठा मॅगझिनच्या तोंडावर ठेवला. आत चार गोळ्या तशाच होत्या, एकमेकींना चिकटून. दट्ट्या त्यांच्या बराच खाली तिरका अडकला होता. अंगठ्याला काळा, दाणेदार चिखल लागला. तेल आणि धूळ. मी मॅगझिन खिशात टाकलं आणि अंगठा पँटला पुसला.

"एक मिनिट," सातारकर म्हणाले. ते टोकाच्या प्लेटेजवळ गेले होते. त्यांनी ती उभी केली, बोटानं ढकलली. पडली. पुन्हा उभी केली, हळू ढकलली. जरा अडली, मग पडली. "सकाळी पुरुषांच्या गटात पण ही दोन गोळ्या खात होती. वाघचौरे, बघा."

वाघचौऱ्यांनी ढकलून पाहिली. "कधी पडते, कधी अडते."

"ताई," सातारकर हेमलताकडे वळले. "प्लेट नादुरुस्त असेल तर तुम्हाला फेरी पुन्हा मिळते. तुमच्या मॅगझिनमध्ये गोळी अडली असेल तर नाही मिळत. ती तुमची जबाबदारी. तुम्हाला काय वाटतं? गोळी जात होती?"

सुप्रिया दोरीपलीकडे उभी होती, हाताची घडी घालून.

"मला वाटलं जातेय," हेमलता म्हणाली. "पण खात्री नाही. आवाजावरून कळत नाही."

"मॅगझिन कुणी साफ केलं?"

"यांनी," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. "यांना विचारा. हे सांगतील."

हे सांगतील. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सातारकर दोन पावलं पुढे आले. "काका, तुम्ही फिटर आहात असं वाघचौरे म्हणतात. प्लेटाही तुमच्या आणि मॅगझिनही तुम्ही साफ केलंय. मग तुम्हीच सांगा. काय झालं?"

त्यांनी खिशातलं मॅगझिन मागितलं असतं तर संपलंच होतं. त्यांनी मागितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी हेमलताकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही मागणं नव्हतं. ती फक्त उत्तराची वाट बघत होती.

"बिजागरी," मी म्हणालो.

"काय?"

"बिजागरीत चूक आहे. वेल्ड करताना पिन जरा वाकली. मीच केलीय ती, माझी चूक. मॅगझिन साफ होतं. मी स्वतः दहा गोळ्या काढून बघितल्या होत्या."

दहा गोळ्या काढून बघितल्या होत्या, हे खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच मला बोलताना अडखळायला झालं नाही.

"बरं," सातारकर म्हणाले. "प्लेट बदला. फेरी पुन्हा."

वाघचौरे माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "खैरनार, सत्तर माणसांत स्वतःची चूक सांगायला छाती लागते."

मी मान हलवली.

हेमलता पट्ट्यात मॅगझिनं अडकवत होती. "तिसरं?" तिनं विचारलं.

"त्याला धूळ लागलीय. हे घे, पाचवं."

"लागू दे की. पुसून द्या."

"पाचवं घे ना. काय फरक पडतो?"

तिचा हात थांबला. एक क्षणभर ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग पाचवं घेतलं, पट्ट्यात बसवलं आणि रेषेवर जाऊन उभी राहिली.

त्या फेरीचं मी काय सांगू? साडेतेरा सेकंदांना दोनच दशांश कमी. माणसं ओरडली. फळ्यावर आकडा लागला आणि मग कागद आला. पहिली, दुसरी, तिसरी, आणि चौथ्या ओळीवर हेमलता दत्तात्रय खैरनार. वाघचौऱ्यांनी पेढ्यांचा पुडा फोडला. "यादी सहा वाजता पुण्याला पाठवतो," ते म्हणाले. "वहिनी, आता रोज सराव. होमगार्डच्या साहेबांना मी बोलतो, तुमच्या ड्युट्या कमी करायला लावतो."

हेमलतानं पेढा हातात धरला होता, खाल्ला नव्हता. ती यादीसमोर उभी होती. एकदा बोट लावून तिनं आपलं नाव वाचलं. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

सुप्रिया आली. वाकून पाया पडली. "काकू, पुढच्या वर्षी हरवणार तुम्हाला."

"हरव गं बाई," हेमलता म्हणाली. "मी म्हातारी होणारच आहे."

"तुमची ती दुसरी फेरी भारी होती." मग ती माझ्याकडे बघून हसली. "काका, माझ्या वेळेला ती टोकाची प्लेट पहिल्या गोळीला पडली बघा. नशीब माझं, नाहीतर मी पण अडकले असते."

मी म्हणालो, "हो ना."

स्कूटरवर हेमलता मागे बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "खिशात काय टोचतंय तुमच्या?"

"मॅगझिन आहे."

सिग्नल सुटला.

घरी पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. तिनं पिशवी ठेवली, हातपाय धुतले, कालचंच वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं आणि हात पुढे केला. "द्या."

"चहा घे आधी."

"द्या ना."

मी दिलं. तिनं तळ उघडला. स्प्रिंग ओढली तर ती सरळ निघाली नाही, चिखल घेऊन निघाली. चार गोळ्या कागदावर पडल्या, काळपट. तिनं पांढऱ्या कापडाची पट्टी नळीतून ओढली. ती काळी झाली. तिनं ती नाकाशी नेली. तो वास तिला ओळखायला वेळ लागणार नव्हता. बावीस वर्षं ती माझे कपडे धूत होती.

ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"किती थेंब?"

"दोन."

"मी सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस."

"तुम्हाला कधी कळलं? की हेच अडलं होतं?"

मी कागदावरच्या काळ्या गोळ्या बोटानं एका बाजूला केल्या.

"मी विचारतेय हो. कधी कळलं?"

"उचललं तेव्हा."

"म्हणजे पंचांनी विचारायच्या आधी."

"हो."

तिनं कापडाची पट्टी कागदावर ठेवली. "आणि तुम्ही बिजागरी म्हणालात. वर म्हणालात, माझीच चूक. सगळे तुमच्याकडे किती कौतुकानं बघत होते. मी पण."

"तुझ्यासाठी बोललो मी."

"माझ्यासाठी?"

"मग? तुझी जागा गेली असती. माझ्या दोन थेंबांपायी. दोन वर्षं तू..."

"माझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "'तेल मी घातलं, हिनं नको म्हटलं होतं तरी घातलं,' हे तुम्हाला सत्तर माणसांत सांगायचं नव्हतं. बावीस वर्षांचा फिटर ना तुम्ही. वाकडी पिन चालते. बायकोचं ऐकलं नाही, हे चालत नाही."

मला राग आला. खरं तेच ती बोलली म्हणून आला असेल. "बरं, तसं समज. पण आता काय करायचंय? झालं ते झालं. फेरी तूच मारलीस ना? साडेतेरा सेकंद मी मारले का? ती प्लेट अडत होतीच, पंच स्वतः म्हणाले. सकाळी पुरुषांच्या वेळी..."

"सुप्रियाला पहिल्या गोळीला पडली."

"अगं, ती बावीसची आहे. तिला दहा वर्षं आहेत. तुला?"

हे बोलायला नको होतं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं.

"सहाला यादी जाते," ती म्हणाली.

"हेमा, ऐक. पुढच्या वर्षी मिळेल न मिळेल, कुणी सांगावं. नाव लागलंय तुझं. लागलंय ते राहू दे."

"लागलं होतं हो." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "मी बोट लावून बघितलं. काकू म्हणून पाया पडली ती पोरगी माझ्या. मी तिला म्हटलं, हरव गं बाई. आता बंगळूरला जाऊन मी काय करू? नेम धरला की मला ही पट्टी दिसेल."

"दिसणार नाही. चार दिवसांनी विसरशील."

"तुम्ही विसराल?"

मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो.

पुढच्या वर्षी ती सहावी आली. त्याच्या पुढच्या वर्षी तिला जिना चढताना दम लागायला लागला, आणि मग निवडीचा विषय घरात निघालाच नाही. पण हे सगळं त्या संध्याकाळी आम्हा दोघांना माहीत नव्हतं. तेव्हा फक्त घड्याळ होतं आणि मध्ये वर्तमानपत्रावर उघडलेलं मॅगझिन.

"फोन लावा," ती म्हणाली.

"कुणाला?"

"वाघचौरे सरांना."

मी फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. "तू बोल. तुझं नाव आहे, तू माघार घे. तब्येतीचं सांग. घरचं काही सांग. ते समजून घेतील."

"मी काय बोलू? मी तेल घातलं का?" तिनं हात मागे घेतला. "मला त्यांनी विचारलं तेव्हा मी खात्री नाही म्हटलं. जेवढं खरं होतं तेवढं बोलले. तुम्हाला विचारलं, ते तुम्ही सांगा."

"ते माझ्या तोंडावर थुंकतील गं."

"थुंकू दे."

"क्लबमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"मंगळवारी मी सरावाला जाणार आहे. तुम्ही येणार की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

सव्वापाच. मी नंबर काढला. अंगठा बटणावर ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. अजून तरी ती नको म्हणेल असं मला वाटत होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, गुडघे जवळ घेऊन, ट्रॅकसूटच्या बाह्या मनगटावर ओढून. नको म्हणाली नाही.

मी बटण दाबलं. दोन रिंगा झाल्या.

"बोला खैरनार!" वाघचौऱ्यांचा आवाज खुशीत होता. मागे माणसांचा गलका होता, प्लेटा उचलून ठेवल्याचे आवाज येत होते. "पोचलात का घरी? वहिनींना म्हणावं, यादी टाइप होतेय."

"सर, ती थांबवा."

"काय थांबवा?"

"यादी. बिजागरी ठीक आहे, सर. पिन वाकलेली नाही. मॅगझिन अडलं होतं. हिनं नको म्हटलं असताना मी त्यात तेल घातलं होतं. मशीनचं. पंचांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं."

मागचा गलका चालू होता. मी फोन कानाला दाबून धरला होता.

"तुम्हाला माहीत होतं," वाघचौरे शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि वहिनींना?"

"तिला आत्ता कळलं. अर्ध्या तासापूर्वी. फोन तिनंच लावायला सांगितला."

मग त्यांनी कुणाला तरी टाइप करायचं थांबवायला सांगितलं. गांगुर्डे हे आडनाव ऐकू आलं. मग ते परत फोनवर आले, आणि आता त्यांचा आवाज माझ्याशी बोलण्याचा नव्हता, कुणा दुसऱ्याबद्दल विचारण्याचा होता.

"वहिनी कुठे आहेत?"

"समोर बसलीय."

"रडतायत का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं दोन्ही बाह्या डोळ्यांवर घट्ट दाबून धरल्या होत्या. खांदे हलत होते आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून तिनं ओठ आत ओढून घेतले होते.

"नाही," मी म्हणालो. "रडत नाहीये."

तिनं ते ऐकलं. त्या दिवसातलं माझं हे दुसरं खोटं होतं, आणि ते तिनं खोडलं नाही.